आमच्या मागावरचं जाकीट

जाकीट पिळायला दोन बायका लागल्या. एका टोकाला माझी आई, दुसऱ्या टोकाला मालन, आणि मधे पीळ पडलेलं ते धूड. परसातल्या दगडावरून पाण्याचा ओघळ सुटला तो थांबायचं नावच घेईना.

"किती पाणी प्यालंय बगा हे," मालन म्हणाली. तिचे हात लाल झाले होते.

"पिणारच की. कापूस का थोडाथोडका भरलाय? ह्यांनी पिंजाऱ्याला ओट्यावर बसवून समोर पिंजून घेतलाय," आई म्हणाली.

आमच्याकडे कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावत नाहीत. मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते, ती गेली की कापड मऊ पडतं. मग ते गोधडीचं असो, नाहीतर बर्फात घालायच्या जाकिटाचं. जाकिटं दोन होती, एक माझं आणि एक मालनच्या श्रीधरचं. कापड आमच्या मागावरचं, शिलाई आईची. गोधडीला घालतात तसा धावदोरा, बोटभर अंतरावर, गळ्यापासून मांडीपर्यंत. पुढं बटणांऐवजी नाड्या. तारेवर घातली तेव्हा तार इतकी खाली आली की बाह्या जमिनीला टेकल्या, आणि मधे काठीचा टेकू द्यावा लागला.

इचलकरंजीचं ऊन जानेवारीतसुद्धा टाळू तापवतं. तरी जाकिटं वाळता वाळेनात. आई रोज उलटीपालटी करायची, काखेत हात घालून बघायची आणि परत तारेवर टाकायची. श्रीधर येता-जाता ती चाचपायचा.

"दिग्या, तुझं अजून रडतंय बघ," तो म्हणायचा. "माझं गप झालं."

श्रीधर आणि मी एका वर्गात होतो, दहावीच्या आधीच्या वर्षाला. त्याची आई मालन आमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. वडील आमच्याच मागावर होते. ते कसे गेले हे सांगितल्याशिवाय जाकिटाची गोष्ट कळायची नाही. आम्ही दोघं लहान असताना कारखान्यात वायर जळून सुताच्या कचऱ्याला आग लागली. बाकीचे बाहेर पडले. श्रीधरचे वडील सुताचे बीम वाचवायला आत गेले. दिवाळीला घेतलेला टेरिलीनचा नवा शर्ट त्यांच्या अंगात होता. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्यांना ओढून बाहेर काढलं, पण शर्ट काढता येईना. तो कातडीला चिकटला होता. आप्पांच्या तळहातावर त्याचे डाग शेवटपर्यंत राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरातून आणि मालनच्या घरातून सुताशिवाय सगळं हद्दपार झालं. आईच्या नायलॉनच्या साड्या बोहारणीला गेल्या. सगळी शाळा टेरिकॉटमध्ये कडक इस्त्रीत यायची आणि आम्ही दोघं चुरगळलेले. पोरं आम्हाला 'गोधडी कंपनी' म्हणायची. मला राग यायचा, श्रीधर मात्र हसून सोडून द्यायचा. मल्लखांबावर चढला की त्याच्याकडे सगळं मैदान बघत राहायचं. त्याला कपड्यांची काय फिकीर?

त्या मल्लखांबानंच त्याला बर्फाकडे नेलं. आमचे खटावकर सर खेळाचे शिक्षक. गिर्यारोहणाचं वेड असलेले. दरवर्षी काही पोरं घेऊन ते हिमालयात जायचे, आणि त्या वर्षी त्यांनी बर्फावर घसरायचं, म्हणजे स्कीइंगचं शिबिर ठरवलं होतं. श्रीधरचा तोल बघून ते म्हणाले, "ह्या पोराला फुकट नेतो मी. हा बर्फावर उडेल." प्रश्न फक्त कपड्यांचा राहिला, आणि आप्पांनी मालनला तिथल्या तिथं सांगितलं, "कपड्यांचं माझ्याकडं लागलं. माझ्या पोराला जे, तेच तुझ्या पोराला."

सरांनी पालकांना शाळेत बोलावलं आणि खर्च न वाढवता काय काय जमवायचं ते सांगितलं. आम्ही पोरं भिंतीला टेकून उभे होतो.

"महागाचं काही आणू नका," सर म्हणाले. "कोल्हापुरात तिबेटी लोक स्वेटर विकतात, त्यातला साधा घ्या. जुन्या बाजारात नायलॉनचा विंडचीटर मिळतो, फाटका असला तरी ठिगळ लावून चालेल. लोकरीच्या हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे घाला. पायमोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवा. लोक हसतील, हसू देत. फक्त एक करा. सुती काही आणू नका. थंडीला घाबरू नका, ओलीला घाबरा."

सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या. यंत्रमागांच्या गावात हे वाक्य बोलायला धाडसच लागतं. आप्पा उठून उभे राहिले.

"सर, सुती का नको?"

"ओलं झालं की वाळत नाही, आप्पा."

"बर्फ म्हणजे काय पाऊस आहे ओलं व्हायला? झाडला की पडला."

कुणीतरी हसलं. त्या खोलीत सर सोडले तर बर्फ पडताना कुणीच बघितला नव्हता. बर्फाच्या कारखान्यातून लाकडाचा भुसा लावून येणारी लादी तेवढी सगळ्यांच्या ओळखीची.

"पोरं पडतात," सर शांतपणे म्हणाले. "शिकताना दिवसभर पडतात. अंगाच्या उबेनं बर्फ वितळतो आणि कापडात मुरतो. घाम येतो तो वेगळाच."

"सर, तुम्ही काय घालायला सांगताय ते मला कळतंय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण ते माणसाच्या अंगावर काय करतं ते मी बघितलंय. तुम्ही नाही."

ती आग गावाला माहीत होती. सरांनी खाली बघितलं. शेवटी ते म्हणाले, "बरं. तुमचं जाकीट घालू देत. पण वरून नायलॉनचं काहीतरी लागेल. तिथं अख्खे पोशाख भाड्यानं मिळतात, मी बघतो."

मालन दाराशी उभी होती. तिनं 'नायलॉन' एवढंच ऐकलं असावं. ती तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते. मालननं श्रीधरला ज्या मागावर त्याचे वडील होते त्या मागापाशी नेलं. मी दारात उभा होतो. आमच्या कारखान्यात मागावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नसे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, आणि भांडणं मिटवायलाही तोच साक्षीला असायचा.

"ठेव हात," ती म्हणाली.

"आई, काय हे. दिग्या बघायलाय."

"बगू दे. ठेव."

श्रीधरनं हात ठेवला.

"अंगाला नायलॉन लावनार न्हाई म्हन. कुनी बी सांगू दे. सर सांगू देत, न्हाईतर देव सांगू दे."

"नाही लावणार."

"सबंद म्हन."

"अंगाला नायलॉन लावणार नाही." मग तो हसला. "झालं का? आता खाऊ दे, भूक लागल्या."

मालन हसली नाही. तिनं पदरानं त्याच्या हाताचं वंगण पुसलं आणि दोघंही डबा उघडून बसली.

मिरजेच्या स्टेशनवर आम्हाला सोडायला आप्पा, आई आणि मालन आले होते. गाडीला वेळ होता. मालन आमच्या बाटल्या घेऊन नळावर पाणी भरायला गेली, आई तिच्याबरोबर. आप्पांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. रात्रभर त्यांना झोप नसावी. ते माझ्याकडे न बघता श्रीधरकडे बघून बोलले.

"सर सांगतील ते ऐका. वरून घाला म्हणाले तर घाला. काय असेल ते."

"मालक, मी आईला शब्द दिलाय," श्रीधर म्हणाला.

"मला माहीत आहे. तिची समजूत मी काढीन. तू घाल."

एवढ्यात बायका परत आल्या. आप्पांनी विषय बदलला. पोरांना डब्यात चढवून ते खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तशी मालन फलाटावरून खिडकीच्या बरोबरीनं चालत राहिली, आणि फलाट संपला तिथं थांबली.

मनालीच्या वर, रस्ता संपतो त्याच्याही पुढं एका लहान गावात आमचं शिबिर होतं. खाली रस्त्याच्या कडेला टपऱ्यांवर बर्फातले पोशाख भाड्यानं मिळायचे. अंगभर एकसंध, भडक रंगांचे, कुणाकुणाच्या घामाचा वास असलेले. सरांनी आमच्यासाठी दोन घेतले. मी माझा जाकिटावरून चढवला आणि गारठा तुटल्यासारखा वाटला. श्रीधरनंही सरांसमोर चढवला. चालताना कापड सळसळायचं. उतारावर पोचलो तशी त्यानं चेन ओढली, पोशाख अंगातून काढला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि सॅकेत ठेवला.

"आवाज ऐकलास?" तो म्हणाला. "बाबाच्या शर्टाचा असाच यायचा. दिवाळीला मी त्याच्या मांडीवर बसलो होतो तेव्हा."

"घाल की लेका. आप्पा म्हणालेत ना?"

"मालक म्हणालेत. आई नाही."

मी सरांना सांगितलं. सरांनी येऊन त्याला चांगलंच झापलं आणि समोर उभं राहून तो पोशाख घालायला लावला. संध्याकाळपर्यंत त्यानं घातला. पण तोंड असं केलं होतं जणू अंगावर झुरळं चालताहेत.

आणि काय शिकला तो! आम्ही बाकीचे उभं राहायला शिकत होतो तेव्हा तो वळायला लागला होता. आम्हाला शिकवणारे तिथलेच ठाकूर म्हणून होते. ते टाळ्या वाजवायचे, "शाबाश, महाराष्ट्र!" म्हणायचे. श्रीधर पडायचाही आमच्यापेक्षा जास्त, कारण आम्ही भीतभीत सरकायचो आणि तो दर वेळी आणखी वरून यायचा. पडला की कमरेपर्यंत बर्फात रुतायचा, हसत उठायचा, अंग झाडायचा. आप्पा म्हणाले होते तसाच बर्फ झाडला की पडायचा. फार थोडा राहायचा.

संध्याकाळी खोलीत पत्र्याची शेगडी पेटायची. तिला बुखारी म्हणतात. तिच्याभोवती आम्ही कपडे वाळत घालायचो. इतरांचे स्वेटर, विंडचीटर जेवण होईपर्यंत वाळायचे. आमच्या जाकिटांतून सकाळीही वाफ निघत असायची. श्रीधर ते तसंच ओलसर अंगात घालायचा आणि म्हणायचा, "अंगावर वाळतंय."

मग तो दिवस आला. आमच्यातला एक पोरगा तापानं फणफणला आणि सर त्याला घेऊन खाली मनालीला गेले. जाताना श्रीधरला म्हणाले, "घालायचं. मी नाही म्हणून काढायचं नाही." तो "हो सर" म्हणाला. मला वाटतं तेव्हा त्याच्या मनातही तसंच होतं. पण सकाळी लख्ख ऊन पडलं होतं, चढ चढून सगळे घामाघूम झाले होते, आणि वर पोचताच त्यानं तो काढला. मी बोललो. तो म्हणाला, "सूर्य बघ की डोक्यावर." ठाकूरना मराठी कळत नव्हतं, आणि माझं हिंदी त्या वेळी सिनेमातलं. मी त्यांना कसंबसं सांगितलं. ते श्रीधरला काही म्हणाले, त्यानं जाकिटाची जाडी त्यांना दाखवली. त्यांनी ते वरून चाचपलं, मान हलवली आणि दुसऱ्या पोराकडे गेले. हाताला ते जाड आणि उबदारच लागत होतं. आईचं काम होतं ते.

दुपारनंतर समोरचं शिखर दिसेनासं झालं. मग आमच्या उताराचं वरचं टोक. वारा असा सुटला की शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येईना. ठाकूरनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि पुढं होऊन वाट काढायला लागले. गाव फार लांब नव्हतं. एरवी आम्ही गप्पा मारत उतरायचो.

श्रीधर माझ्या पुढं होता. त्याचं जाकीट गोठून पुठ्ठ्यासारखं झालं होतं. हात हलला की कटकट वाजायचं. तो इतका थडथडत होता की मला मागून त्याची पाठ हलताना दिसत होती.

"पोशाख काढ सॅकेतनं," मी ओरडलो.

त्यानं मान वळवली. त्याचे ओठ हलले, पण शब्द जड आले, दारू प्यायलेल्याचे येतात तसे. "आता पोचलो की," एवढं मला कळलं. मी त्याच्या सॅकेचा बंद सोडायला गेलो तर माझ्या बोटांना तो सुटेना, आणि मागची पोरं मला ढकलून पुढं रेटायला लागली.

थोड्या वेळानं त्याची थडथड थांबली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तो ताठ झाला, हळू झाला, आणि माझ्याकडे वळून हसला.

"दिग्या, गरम होतंय रे," तो म्हणाला.

आणि जाकिटाच्या नाड्या सोडायला लागला. मला वाटलं, चाललं एकदाचं. आप्पांचं जाकीट चाललं. सरांना जाऊन सांगावं, असंही मनात आलं. वरच्या दोन नाड्या त्यानं तोडल्या, छाती उघडी टाकली आणि घरच्या ओट्यावर बसावं तसा वाटेच्या कडेला बसला.

"ऊठ," मी म्हटलं.

"जरा बसू दे. लई गरम होतंय."

मग मात्र मला काहीतरी चुकतंय असं वाटलं, आणि मी जीव खाऊन ओरडलो. ठाकूर धावत आले. त्यांनी श्रीधरच्या मानेला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. सुरीनं उरलेल्या नाड्या कापल्या, ते जाकीट सोलून बाजूला फेकलं, स्वतःचा स्वेटर त्याला घातला, सॅकेतला पोशाख काढून त्याच्यावर गुंडाळला आणि त्याला पाठीवर घेतलं. आम्ही रडत मागून पळत होतो. गावात पोचून बुखारीसमोर त्याला निजवलं तेव्हा ठाकूर त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होते. ते किती तरी वेळ दाबत राहिले. थांबले तेव्हा त्यांनी आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितलं.

गाड्यांच्या वाटा बंद होत्या. आप्पा आणि श्रीधरचा मामा बर्फातून चालत पोचले, पण त्याला घरी नेणं शक्य नव्हतं. अग्नी तिथंच दिला. नंतर सरांनी आप्पांना एका बाजूला नेलं. मी आप्पांचा हात सोडायला तयार नव्हतो, म्हणून मीही होतो.

"सांगू की नको, कळत नाही," सर म्हणाले. रडून त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"सांगा," आप्पा म्हणाले.

सरांनी सांगितलं. ओल्या कापसानं अंगातली ऊब शोषून घेतली. थडथड थांबते ती ऊब आल्यामुळे नव्हे, शरीर हरल्यामुळे. आणि अगदी शेवटी माणसाला गरम व्हायला लागतं, तो कपडे काढायला लागतो. खालून आलेल्या डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहिलंय. आप्पांनी सगळं ऐकलं. माझ्याकडे बोट करून एकच विचारलं.

"ह्याच्या अंगात पण तेच होतं ना?"

"हो. पण वरून नायलॉन होतं."

परतीच्या गाडीत आप्पा मधेच माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि काढून घ्यायचे.

मालनच्या घरी गेलो तेव्हा शेजारच्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. ती रडत नव्हती. तिनं मला जवळ बसवून घेतलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू हुतास न्हवं त्येच्याजवळ?"

"होतो."

"शेवटाला काय म्हनाला?"

मी आप्पांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"गरम होतंय, म्हणाला," मी म्हटलं.

तिचा श्वास सुटला. चेहऱ्यावरचं सगळं ओढलेपण गेलं आणि ती पहिल्यांदा रडली.

"ऐकलासा का गं?" ती बायकांना म्हणाली. "गारठून न्हाई गेलं माजं लेकरू. गरम हुतं त्येला." मग तिनं आप्पांसमोर हात जोडले. "मालक, तुमचं उपकार कसं फेडू? त्येवढी तरी ऊब दिलासा त्येला."

आप्पा, गप बसा, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. काही बोलू नका. तिला तेवढंच राहू दे. पण आप्पांना ते जोडलेले हात बघवेनात. हे मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"मालन, हात खाली घे," ते म्हणाले. "तसं नाही ते."

आणि त्यांनी तिला सांगितलं. सरांनी सांगितलं होतं ते सगळं, एकही शब्द न गाळता. ओला कापूस काय करतो, गरम का वाटतं, डॉक्टर काय म्हणाले. मालन ऐकत होती, मधेच मान हलवत होती, दुसऱ्याच कुणाची हकीकत ऐकावी तशी.

"दुसरं काय न्हवतं त्येच्याजवळ?" तिनं विचारलं.

आप्पा थांबले. हा प्रश्न येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलं ओझं टाकायच्या नादात ते नको तिथं येऊन उभे राहिले होते.

"होतं," ते म्हणाले. "पिशवीत होतं."

"नायलॉनचं?"

"हो."

मालननं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचे ओठ हलायला लागले.

"म्या... म्या त्येला मागावर हात ठिवाय लावला. दिगू, तू बगत हुतास. म्याच त्येला..."

"तुझा काही संबंध नाही," आप्पा एकदम मोठ्यानं म्हणाले. सगळ्या दचकल्या. "तो घालणार होता. मिरजेला, तू पाणी भरायला गेलीस तेव्हा त्यानं मला विचारलं, मालक, सर म्हणाले तर घालू का? मी म्हटलं, घातलास तर कारखान्यात पाय ठेवू नकोस, आणि तुझ्या आईलाही पाठवू नकोस. मी भीती घातली त्याला. तुझ्या शब्दापायी नाही, माझ्या भीतीपायी घातलं नाही त्यानं."

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

मालन उठली. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागली. बायका धरायला धावल्या, आप्पांनीच त्यांना हातानं थांबवलं. "तुमचं वाटुळं हुईल," ती म्हणत होती, "तुमच्या वंशाला दिवा ऱ्हायचा न्हाई, तुमचं माग जळतील." वंशाला दिवा म्हणजे मी, तिच्या मागेच बसलेला. आप्पा मागं सरकले नाहीत. ती दमेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

मालन परत आमच्या कारखान्यात आली नाही. दुसऱ्या कुणाकडे कांड्या भरायला लागली. तिचं घर आप्पांच्या बाजाराच्या वाटेवर होतं. आप्पा दिसले की ती उंबऱ्याबाहेर यायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. आप्पा पिशवी हातात धरून मान खाली घालून उभे राहायचे. तिचं झालं की पुढं जायचे. गावात आमची नाचक्की झाली ती झालीच. आई कळवळून म्हणायची, "दुसरी वाट आहे की हो." आप्पा त्याच वाटेनं जायचे. आजारी पडले, काठी आली, तरी रिक्षा न करता चालत.

मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना म्हटलं, "आता पुष्कळ झालं, आप्पा. मी जाऊन तिला खरं सांगतो."

"काय सांगशील?" ते म्हणाले. "तिनंच पोराला मागावर हात ठेवायला लावला म्हणून?"

"निदान तुम्ही त्या वाटेनं जाऊ नका."

"आणि मी दिसलो नाही त्या दिवशी ती कुणाला शिव्या देईल, दिगू?"

आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मालन आहे, आणि मी बाजाराला त्याच वाटेनं जातो. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण माझं चालणं ती ओळखते, आणि काठी टेकत उंबऱ्यावर येते. मी पिशवी खाली ठेवतो आणि थांबतो.